घर तापवण्यासाठी अक्षय ऊर्जा: निर्णय कुठे अडतो आणि तो कसा पुढे न्यायचा

जिथे हिवाळ्यात घर यंत्रानं तापवावं लागतं, तिथे बहुतेक कुटुंबं जुना बॉयलर, म्हणजे गॅस, तेल किंवा लाकूड जाळून पाणी तापवणारं यंत्र, बंद पडेपर्यंत त्याच्याकडे वळून बघत नाहीत. आणि तो बंद पडतो ऐन थंडीत, कारण ताण तेव्हाच सगळ्यात जास्त असतो. घर गार, नळाला गरम पाणी नाही. अशा वेळी कुणी सांगितलं की तसाच दुसरा बॉयलर दोन दिवसांत बसेल आणि हीट पंपाला, म्हणजे हवेतली किंवा जमिनीतली उष्णता विजेच्या मदतीनं घरात आणणाऱ्या यंत्राला, दोन महिने लागतील, तर कुटुंब काय निवडणार हे उघड आहे. पुढची पंधरा वर्षं मग त्याच इंधनावर जातात.

अक्षय ऊर्जेकडे वळायचं की नाही यावर पैसा, अनुदान, शेजाऱ्यांचा अनुभव, बसवणाऱ्यावरचा विश्वास, घरातली जागा अशा बऱ्याच गोष्टींचा प्रभाव पडतो. पण घर किती उष्णता गमावतं आणि रेडिएटरमध्ये, म्हणजे खोली तापवणाऱ्या भिंतीवरच्या पोकळ पत्र्यांमध्ये, किती गरम पाणी फिरवावं लागतं, हे दोन आकडे हातात नसतील तर बाकीची सगळी चर्चा अंदाजावर चालते. हा लेख त्या आकड्यांपासून सुरू होऊन पहिला हिवाळा पार पडेपर्यंत तुमच्यासोबत येतो. नवख्या माणसाला समोर ठेवून लिहिला आहे, तरी आकडेमोड टाळलेली नाही. ती केल्याशिवाय इथे फसगत टळत नाही.

१. जुनं यंत्र चालू असतानाच सुरुवात करा

बॉयलर बारा-पंधरा वर्षांचा झाला असेल, किंवा एकाच हंगामात दोनदा दुरुस्त करावा लागला असेल, तर तयारी आत्ताच सुरू करा. घराचं मोजमाप, गळती बंद करणं, अनुदानाचा अर्ज, परवानग्या, कोटेशन आणि प्रत्यक्ष काम यांत सहा महिने सहज जातात. मोजमापासाठी हिवाळा चांगला, कारण काही चाचण्या थंडीतच होतात. काम मात्र उन्हाळ्यात काढा, म्हणजे दोन-चार दिवस घर तापलं नाही तरी कुणाचे हाल होत नाहीत.

तयारीच्या मधेच बॉयलर दगावला तर घाईत नवा घेऊ नका. काही दिवस भागवायला तेल भरलेले विजेचे रेडिएटर आणि टाकीतला इमर्शन हीटर पुरतात. बिल चढेल, पण ते काही आठवड्यांपुरतं.

२. कागद आणि साधनं गोळा करा

कागद:
- मागच्या दोन-तीन वर्षांची गॅस, तेल किंवा लाकडाची आणि विजेची बिलं. पैशांपेक्षा युनिट महत्त्वाचे.
- घराचा नकाशा: प्रत्येक खोलीची लांबी, रुंदी, उंची, खिडक्यांचं माप.
- घर किती ऊर्जा खातं याचा दर्जा सांगणारं ऊर्जा प्रमाणपत्र असेल तर ते, आणि भिंती-छपरात कधी काय भरलं याच्या पावत्या.
- बॉयलरच्या नामपट्टीचा फोटो, विजेच्या मुख्य फ्यूजचा फोटो.
- प्रत्येक रेडिएटरची लांबी, उंची आणि त्यात एक पत्रा आहे की दोन, याची यादी. पाइपांचा बाहेरचा व्यास.
- भाड्याचं घर असेल तर मालकाची लेखी संमती. इमारतीत राहत असाल तर संस्थेच्या नियमांची प्रत.

साधनं: मापपट्टी, दोन-तीन साधे थर्मामीटर, पाइपवर बांधायचा एक थर्मामीटर, आणि हवेच्या फटी शोधायला अगरबत्ती.

भाडेकरूंसाठी एक गोष्ट आधीच सांगायला हवी. यंत्राचा खर्च मालक करणार आणि कमी झालेल्या बिलाचा फायदा भाडेकरूला मिळणार, म्हणून भाड्याच्या घरांत हा बदल सगळ्यात जास्त अडतो. मालकाकडे जाताना तुमच्या सोयीची भाषा वापरू नका. चिमणीची आणि गॅस सुरक्षेची वार्षिक तपासणी कमी होईल का, प्रमाणपत्राचा दर्जा वाढेल का, अनुदान कुणाच्या नावानं मिळतं, हे कागदावर मांडून जा. आणि काम झाल्यावर भाडं किती वाढेल किंवा वाढणार नाही, तेही त्याच कागदावर येऊ द्या.

३. घराला किती उष्णता लागते ते काढा

सोपी पद्धत बिलांवरून. पण आधी सगळं किलोवॅट-तासात, म्हणजे युनिटमध्ये आणा. नैसर्गिक वायूच्या एका घनमीटरमध्ये साधारण १० ते ११ युनिट असतात, एक लिटर हीटिंग ऑइलमध्ये १०, एक किलो लाकडी पेलेटमध्ये (भुसा दाबून केलेल्या छोट्या कांड्यांमध्ये) ४.८, आणि नीट वाळलेल्या एक किलो लाकडात साधारण ४.

समजा वर्षाला १५,००० युनिट गॅस जळतो. बॉयलरची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर प्रत्यक्ष मिळालेली उष्णता १२,७५० युनिट. चौघांच्या गरम पाण्याचे ३,००० युनिट वजा केले की घर तापवायला उरतात ९,७५०. आता तुमच्या भागाचे ‘हीटिंग डिग्री डे’ हवामानाच्या नोंदींतून काढा. हा आकडा वर्षभरात बाहेरचं तापमान एका ठरावीक पातळीच्या किती खाली आणि किती दिवस होतं ते सांगतो. १८ अंशांच्या पातळीवर तो २,६०० आहे असं धरू. ९,७५० ला २,६०० × २४ नं भागलं की ०.१५६ किलोवॅट येतात. बाहेरचं तापमान एक अंशानं उतरलं की तुमच्या घराला इतकी जास्त उष्णता लागते. तुमच्याकडे कडाक्याची थंडी म्हणजे उणे ५ अंश असेल, तर १८ पासूनचं अंतर २३ अंश, ०.१५६ × २३ म्हणजे सुमारे ३.६ किलोवॅट.

हा आकडा पाहून बरेच जण चक्रावतात, कारण भिंतीवरच्या बॉयलरवर २४ किलोवॅट लिहिलेलं असतं. ते २४ किलोवॅट नळाखाली हात धरताच वाहतं पाणी तापवण्यासाठी आहेत; घर तापवायला त्यातले फार थोडे लागतात. नव्या यंत्राचं माप जुन्या यंत्रावरून काढण्याची चूक इथूनच सुरू होते.

बिलांवरून काढताना तीन गोष्टी सांभाळा. स्वयंपाकाचा गॅस वजा करा. शेगडीत जाळलेलं लाकूड किंवा विजेचा हीटर वापरला असेल तर तो मिळवा. आणि तुम्ही निम्म्या खोल्या बंद ठेवून राहत असाल, तर बिलांतून येणारा आकडा खऱ्या गरजेपेक्षा लहान असतो हे लक्षात ठेवा.

दुसरी पद्धत खोलीनिहाय. प्रत्येक पृष्ठभागासाठी यू-व्हॅल्यू × क्षेत्रफळ × आतबाहेरच्या तापमानातला फरक. यू-व्हॅल्यू म्हणजे एका चौरस मीटरमधून, एका अंशाच्या फरकाला, किती वॅट निसटतात. जुनी नऊ इंची भरीव विटांची भिंत साधारण २, रिकामी पोकळ भिंत १.५, तीच भरलेली ०.५, एकेरी काच ५ च्या आसपास, जुनी दुहेरी काच २.८, नवी दुहेरी १.४. म्हणजे १०० चौरस मीटर रिकाम्या पोकळ भिंतीतून २५ अंशांच्या फरकाला ३,७५० वॅट जातात. ती भरली की १,२५०. हवेसोबत जाणारी उष्णता वेगळी धरायची: ०.३३ × घराचं आकारमान घनमीटरमध्ये × हवा तासाला किती वेळा बदलते × तापमानातला फरक. २५० घनमीटरच्या घरात हवा तासाला एकदा बदलत असेल तर २५ अंशांच्या फरकाला जवळजवळ २,०६० वॅट नुसत्या फटींतून जातात.

दोन्ही पद्धतींचे आकडे एकमेकांच्या जवळ यायला हवेत. खोलीनिहाय आकडा दुप्पट आला तर बहुधा हवा बदलण्याचा वेग फुगवून धरला आहे. बसवणारेही ‘कमी पडायला नको’ म्हणून नेमकं हेच करतात.

४. पन्नास अंशांची चाचणी घ्या

या लेखातलं एकच काम करायचं ठरवलंत तर हे करा. खर्च शून्य आणि उत्तर अगदी खरं.

हीट पंप बाहेरच्या हवेतली किंवा जमिनीतली उष्णता ओढून घरात चढवतो. आतलं पाणी जितकं कमी गरम, तितकं चढवण्याचं अंतर कमी, तितकी वीज कमी. पाण्याचं तापमान एक अंशानं उतरवलं की साधारण २ ते २.५ टक्के वीज वाचते. बाहेर शून्य अंश असताना ३५ अंशांचं पाणी देणारा चांगला पंप एका युनिट विजेत जवळजवळ चार युनिट उष्णता देतो. ५५ अंशांचं मागितलं की तोच पंप पावणेतीनच्या आसपास येतो.

चाचणी अशी. थंडीच्या कडक आठवड्यात बॉयलरमधून रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याचं तापमान ५० अंशांवर लावा. गरम पाण्याच्या टाकीची सेटिंग वेगळी असते, तिला हात लावू नका. सगळ्या रेडिएटरचे व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आणि बॉयलर दिवसरात्र चालू राहू द्या. दोन दिवस प्रत्येक खोलीत थर्मामीटर ठेवून सकाळ-संध्याकाळ नोंद करा.

सगळ्या खोल्या हव्या तितक्या उबदार राहिल्या तर तुमचं घर हीट पंपासाठी जवळजवळ तयार आहे. एक-दोन खोल्याच गार राहिल्या तर फक्त तिथले रेडिएटर बदलायचे आहेत. सगळं घरच गार पडलं तर आधी पाचव्या पायरीवर मेहनत घ्यायची. चाचणीच्या दिवशी तुमच्या भागातल्या नेहमीच्या कडाक्यापेक्षा थंडी कमी असेल, तर निकाल थोडा हात राखून वाचा.

रेडिएटर किती मोठा लागेल हेही काढता येतं. कॅटलॉगमधला आकडा, पाणी खोलीपेक्षा सरासरी ५० अंशांनी गरम असताना मिळणाऱ्या उष्णतेचा असतो. ५५ अंशांचं पाणी आत आणि ४५ अंशांचं परत असेल, तर २० अंशांच्या खोलीत हा फरक ३० अंश होतो आणि रेडिएटर कॅटलॉगच्या सुमारे ५१ टक्केच देतो. ४५ आत आणि ४० परत असेल तर अवघे ३५ टक्के. म्हणून एका पत्र्याचा रेडिएटर काढून तितक्याच लांबीउंचीचा दोन पत्र्यांचा आणि त्यांना जोडलेल्या नागमोडी पत्र्याच्या दोन पंखांचा लावणं हा सगळ्यात सोपा उपाय. भिंतीवर जागा तीच, उष्णता पावणेदोन ते दोन पट. जमिनीखाली पाइप असतील तर ३५ अंशांतही काम भागतं.

५. गळती आधी बंद करा, पण त्यातच अडकून बसू नका

क्रम असा: छपराखालचा थर २७० ते ३०० मिलिमीटर, दारं-खिडक्यांच्या फटी, गार भागातून जाणाऱ्या पाइपांवर वेष्टन, मग पोकळ भिंती भरणं. भरीव भिंतींना आतून किंवा बाहेरून थर देणं महाग आणि त्रासाचं, ते सोयीनं करा. पोटमाळा सामानानं भरलेला आहे एवढ्याच कारणासाठी असंख्य घरांत छपराचं काम वर्षानुवर्षं लांबतं. एक सुट्टी काढून तो रिकामा करा; पुढचं काम कारागीर एका दिवसात उरकतात.

फटी बुजवल्यावर हवा खेळती राहील याची सोय हवीच. स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात हवा बाहेर ओढणारा पंखा नसेल तर खिडक्यांच्या कडेला ओल आणि बुरशी येते, आणि दोष नव्या यंत्रावर जातो. बंद ज्वलनकक्ष नसलेली शेगडी किंवा बॉयलर घरात असेल, तर त्याला लागणारे हवेचे झरोके कधीही बुजवू नका.

‘घर पूर्ण बंदिस्त केल्याशिवाय हीट पंप चालतच नाही’ असं सर्रास सांगितलं जातं. ते बरोबर नाही. योग्य मापाचा पंप आणि पुरेसे मोठे रेडिएटर असतील तर जुनं घरही तापतं. गळती कमी केल्यानं पंप लहान लागतो आणि बिल उतरतं, एवढाच तिचा अर्थ.

६. यंत्र निवडा

हवेतून उष्णता घेणारा हीट पंप बहुतेक घरांना पुरतो. थंड प्रदेशात तो चालत नाही ही समजूत कुणी मांडली तर नकाशाकडे बोट दाखवा: नॉर्वेत सुमारे ६० टक्के इमारतींत हीट पंप आहेत, स्वीडन आणि फिनलंडमध्ये ४० टक्क्यांहून अधिक. यांतल्या बऱ्याच घरांत पाण्याच्या रेडिएटरऐवजी गरम हवा सोडणारी, हवेतून हवेत काम करणारी यंत्रं आहेत. पाण्याचे पाइप नसलेल्या घरात तीच सोयीची आणि स्वस्त पडतात, मात्र नळाच्या गरम पाण्याची सोय वेगळी करावी लागते.

जमिनीतून उष्णता घेणाऱ्या पंपाची कार्यक्षमता कडाक्यातही टिकते आणि बाहेर आवाज नसतो. खर्च खोदकामात जातो. पाइप सोडण्यासाठी खणलेल्या अरुंद उभ्या विहिरीतून मीटरमागे ढोबळमानानं ५० वॅट मिळतात. ८ किलोवॅटचा पंप चारपट देत असेल तर ६ किलोवॅट जमिनीतून यायला हवेत, म्हणजे सुमारे १२० मीटर खोली. इथे हात आखडून विहीर कमी खोल ठेवली तर जमीन वर्षागणिक थंड होत जाते आणि चूक तीन-चार हिवाळ्यांनंतर दिसते. तेव्हा ती सुधारणं फार महागात पडतं.

पेलेटचा बॉयलर ६०-७० अंशांचं पाणी सहज देतो, म्हणून गळकं, मोठं, आडगावचं घर त्याला मानवतं. १२,००० युनिट उष्णतेसाठी ९० टक्के कार्यक्षमतेनं सुमारे २.८ टन पेलेट लागतात. घनमीटरला ६५० किलो धरले तर ४.३ घनमीटर, आणि उताराच्या तळामुळे वाया जाणारी जागा धरून सहा घनमीटरची कोरडी खोली. राख काढणं, चिमणी साफ करणं आलंच. धुरातले सूक्ष्म कण दाट वस्तीत त्रासदायक ठरतात.

इथे एक धोक्याची सूचना. साठवलेल्या पेलेटमधून कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो. त्याला वास नसतो, आणि बंद कोठारात उतरलेली माणसं यानं दगावली आहेत. कोठाराला बाहेर उघडणारे झरोके हवेतच. आत जाण्याआधी दार उघडून हवा खेळू द्या, बॉयलर बंद करा, आणि बाहेर कुणीतरी उभं असल्याशिवाय आत पाऊल टाकू नका.

सौर उष्णतेची पॅनेलं नळाचं गरम पाणी उत्तम देतात. माणशी १ ते १.५ चौरस मीटर पॅनेल आणि चौरस मीटरमागे ५० लिटरची टाकी हे चालणारं माप. घर तापवण्यासाठी मात्र त्यांच्यावर भिस्त ठेवू नका. गरज सगळ्यात जास्त असते तेव्हाच ऊन सगळ्यात कमी असतं.

७. पैशांचा हिशोब गुणोत्तरानं करा

दर वर्षी बदलतात, म्हणून आजच्या दरावर पंधरा वर्षांचा तक्ता काढण्यापेक्षा हे बघा: पंपाचा हंगामी गुणांक भागिले बॉयलरची कार्यक्षमता. पंप वर्षभराच्या सरासरीनं ३.२ पट देत असेल आणि बॉयलर ८८ टक्क्यांचा असेल तर उत्तर ३.६. विजेचं एक युनिट गॅसच्या एका युनिटाच्या ३.६ पटींपेक्षा स्वस्त असेल तर चालवण्याचा खर्च कमी होईल. तोच पंप वाईट बसवल्यामुळे २.६ वर आला तर सीमा २.९५ वर उतरते. म्हणजे फायदा की तोटा हे दरांइतकंच बसवण्याच्या कामावर ठरतं.

त्यात पुढच्या गोष्टी मिळवा: गॅसचं कनेक्शन पूर्ण तोडलं तर स्थिर आकार वाचतो, पण त्यासाठी स्वयंपाकही विजेवर न्यावा लागेल, रात्रीचा स्वस्त दर मिळतो का, छपरावर सौर वीज असेल तर हिवाळ्यात ती कितीशी बनते. सुरुवातीच्या खर्चात रेडिएटर, टाकी, विजेचं काम, जुनं यंत्र हलवणं आणि भिंतींची डागडुजी धरलेली आहे का ते तपासा. ‘पंपाची किंमत’ आणि ‘कामाची किंमत’ यांतलं अंतर मोठं असतं.

अनुदानाचा सगळ्यात मोठा सापळा क्रमाचा आहे. बहुतेक योजनांत मंजुरीआधी करार केला किंवा काम सुरू केलं तर हक्क जातो. यंत्राचं मॉडेल यादीत हवं, बसवणारा नोंदणीकृत हवा. अर्ज, पोच आणि मंजुरीपत्र हातात येईपर्यंत आगाऊ रक्कम देऊ नका.

८. जागा, आवाज आणि घरातली माणसं

हीट पंपाचा जो भाग घराबाहेर बसतो, त्या बाहेरच्या युनिटच्या मागे साधारण ३० सेंटिमीटर आणि समोर मीटरभर मोकळी जागा ठेवा. नेमकं माप त्या यंत्राच्या पुस्तिकेतून घ्या. थंड हवा परत आत ओढली जाईल अशा खोबणीत ते कोंबू नका. थंडीत युनिटवर जमलेला बर्फ यंत्र अधूनमधून वितळवतं, तेव्हा कित्येक लिटर पाणी पडतं. खाली खडीचा खड्डा नसेल तर पायवाटेवर बर्फाचा थर जमतो. आर२९० म्हणजे प्रोपेन वायू वापरणाऱ्या यंत्राभोवती खिडक्या, तळघराची तोंडं आणि गटाराची जाळी यांपासून ठरावीक अंतर राखावं लागतं, कारण हा वायू ज्वलनशील आहे आणि हवेपेक्षा जड असल्यानं खाली साचतो.

आवाजाचे दोन आकडे असतात. माहितीपत्रकात ‘ध्वनिशक्ती’ असते, कानाला येतो तो दाब. ५८ डेसिबल ध्वनिशक्तीचं युनिट मोकळ्या जमिनीवर चार मीटरवर ३८ डेसिबल ऐकू येतं. भिंतीला लागून ठेवलं तर ४१, कोपऱ्यात ४४. शेजाऱ्याच्या झोपण्याच्या खोलीपासूनचं अंतर मोजा आणि त्यांच्याशी आधीच बोला. तक्रार आल्यावर युनिट हलवणं म्हणजे पाइपांचं अर्धं काम पुन्हा करणं.

घरातल्यांशी बोलणंही तितकंच गरजेचं. रेडिएटर आता हाताला चटका देणार नाहीत, कोमट लागतील, आणि घर तरीही सतत उबदार राहील. दिवसभर घरी असणाऱ्या माणसाला हे आधी समजलं नाही तर तो ‘तापतच नाही’ म्हणून सेटिंग चढवत जातो आणि बिलही त्यासोबत चढतं. टाकीसाठी कपाट रिकामं करायचं असेल तर तेही सगळ्यांच्या संमतीनं ठरवा.

९. बसवणारा निवडा

निदान तीन कोटेशन घ्या. जो घर न मोजता, फक्त क्षेत्रफळ विचारून माप सांगतो, त्याला नकार द्या. प्रत्येकाला हे विचारा:
- खोलीनिहाय उष्णतेचा हिशोब लेखी मिळेल का?
- कडाक्याच्या थंडीत रेडिएटरला किती अंशांचं पाणी देणार? उत्तर ५० च्या वर असेल तर का?
- त्या थंडीत आणि त्या पाण्याच्या तापमानात हे यंत्र नेमकं किती किलोवॅट देतं? नावात ‘८’ असलेलं यंत्र उणे ७ अंशांत सहाच देत असू शकतं.
- त्याची कमीत कमी शक्ती किती? १२ किलोवॅटचा पंप ४ च्या खाली जात नसेल आणि घराला सौम्य दिवसात २ लागत असतील, तर तो सतत चालू-बंद होत राहील. तासाला तीनहून जास्त वेळा सुरू होणं कॉम्प्रेसरला आणि बिलाला दोन्हीला वाईट.
- वीज आणि उष्णता मोजणारे वेगळे मीटर बसवणार का?

आणि तुमच्यासारख्याच घरात त्यानं बसवलेलं, किमान एक हिवाळा चाललेलं यंत्र बघून या. वर्षभरात किती वीज गेली आणि किती उष्णता मिळाली हे दोन आकडे त्या घरमालकाला विचारा. दहा माहितीपत्रकांपेक्षा शेजारच्या गल्लीतलं चालू यंत्र लोकांचा निर्णय जास्त बदलतं, आणि ते योग्यच आहे, फक्त त्या घराची गळती तुमच्या घराशी जुळते का हे पाहा.

१०. बसवताना कुठे बिघडतं

पाइप बारीक पडतात. बॉयलरमधून २० अंशांच्या फरकानं पाणी फिरत असेल तर ८ किलोवॅटला मिनिटाला सहा लिटर पुरतात. हीट पंपात फरक ५ अंशांचा, म्हणून तेवीस लिटर लागतात. यंत्राजवळचे मुख्य पाइप २८ मिलिमीटरचे करून घ्या. ८-१० मिलिमीटरच्या नळ्यांवर चालणाऱ्या घरात हा प्रश्न काम सुरू होण्याआधी सोडवायला हवा.

जुन्या रेडिएटरमधला काळा गाळ नव्या यंत्राच्या बारीक वाहिन्या तुंबवतो. आधी सगळं धुऊन घ्या आणि परतीच्या पाइपवर चुंबकीय गाळणी लावा. बाहेरच्या युनिटपर्यंत पाणी जात असेल तर थंडीत वीज गेल्यावर ते गोठून यंत्र फुटू शकतं. त्यासाठी गार पडताच पाणी बाहेर सोडणारा गोठणरोधक व्हॉल्व्ह किंवा पाण्यात ग्लायकॉल (पाणी गोठू न देणारा द्रव), दोन्हींपैकी एक. दोन्ही एकत्र नकोत, कारण व्हॉल्व्ह उघडला की सगळं ग्लायकॉल जमिनीत जातं.

टाकीतलं पाणी तापवणारं नळीचं वेटोळं हीट पंपासाठी मोठं लागतं, साधारण ३ चौरस मीटरचं. बॉयलरची जुनी टाकी तशीच वापरली की पाणी तापायला फार वेळ लागतो आणि पंप उगाच वरच्या तापमानाला पळतो.

११. पहिला हिवाळा

पाण्याचं तापमान बाहेरच्या हवेनुसार आपोआप बदलेल अशी सोय जवळजवळ प्रत्येक यंत्रात असते. ती चालू आहे ना ते बघा. बाहेर उणे ५ असताना ४५ अंश आणि १५ असताना २८ अंश, अशी रेषा सुरुवातीला ठीक. मग सगळे व्हॉल्व्ह उघडे ठेवून, दर दोन दिवसांनी ती एक-दोन अंशांनी खाली आणत जा, घर जेमतेम हवं तितकं उबदार राहीपर्यंत. कडाक्यातच गार वाटलं तर रेषेचा उतार वाढवा. सौम्य दिवसातही गार वाटलं तर संपूर्ण रेषा वर सरकवा.

रात्री पूर्ण बंद करू नका. खोलीचं तापमान फार तर दोन अंशांनी उतरवलं तर चालतं. त्याहून जास्त उतरवलं की सकाळी यंत्र जास्त गरम पाण्यावर धावतं आणि बचत निघून जाते. टाकी रोज ५० अंशांवर आणि साठलेल्या पाण्यात वाढणारे लेजिओनेला जिवाणू मारण्यासाठी आठवड्यातून एकदा ६० अंशांवर न्या.

पंपातच बसवलेला मदतीचा विजेचा हीटर गुपचूप चालू राहणं हे फुगलेल्या बिलाचं नेहमीचं कारण आहे. मेनूमध्ये त्याचे तास बघा. सौम्य थंडीत ते शून्यच असायला हवेत. बाहेर शून्य ते पाच अंश आणि हवा दमट असली की युनिटमधून पांढरे लोट निघतील. ती बर्फ वितळवताना निघालेली वाफ असते, घाबरू नका. पण दर अर्ध्या तासानं असं होत असेल, तर पंपाच्या आत फिरणारा उष्णता वाहणारा वायू कमी पडला आहे का किंवा हवेचा मार्ग अडला आहे का हे तंत्रज्ञाकडून तपासून घ्या.

महिन्याला दोन आकडे लिहा: गेलेली वीज आणि मिळालेली उष्णता. भागाकार तीनच्या खाली जात असेल तर आधी पाण्याचं तापमान तपासा, मग मदतीचा हीटर, मग गाळणी. गाळणी पहिल्या महिन्यानंतर एकदा आणि पुढे वर्षातून एकदा साफ करा, आणि बाहेरच्या युनिटमागे अडकलेली पानं हिवाळा सुरू होण्याआधी काढून टाका.